आजीच्या खोलीत न जाणारा मुलगा

पत्र थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, सहकारी बँकेत नोकरी करणाऱ्या आईचं हे पत्र आहे. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. नवरा नोकरीसाठी पुण्याला असतो, शनिवार-रविवारी घरी येतो. दोन महिन्यांपूर्वी सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता त्या घरीच, हॉलला लागून असलेल्या खोलीत अंथरुणावर आहेत. ज्या आजीच्या मांडीवर हा मुलगा वाढला, तिच्या खोलीत तो पाऊल टाकत नाही. ती कण्हायला लागली की कानाला हेडफोन लावतो. शिवाय हल्ली आपली खोली सोडून हॉलमध्येच वह्या-पुस्तकांचा पसारा मांडून बसतो, त्याचाही आईला वैताग येतो. त्यातच गेल्या महिन्यात मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. वर्गातला एक मुलगा बोलताना अडखळतो. गॅदरिंगच्या तालमीत तो एका वाक्यावर अडकला, तेवढाच तुकडा कुणीतरी चोरून टिपला होता. त्याखाली या मुलाने हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पाच इमोजी टाकले. अडखळणारा मुलगा बालवाडीपासूनचा त्याचा मित्र, एकाच गल्लीत राहणारा. “त्याला काय वाटलं असेल?” असं आईने विचारल्यावर उत्तर आलं, “सगळेच हसत होते. मी एकटा कुठे?” आईने थोबाडीत मारली, “तू माणूस नाहीस, दगड आहेस” म्हणाली आणि फोन कपाटात ठेवून कुलूप लावलं. वडील म्हणतात, “या वयात मुलगे असेच असतात.” हाच मुलगा दुसरीत असताना घरट्यातून पडलेल्या चिमणीच्या पिल्लासाठी रात्री उशिरापर्यंत रडला होता. आई विचारते: आमचं काय चुकलं? हा निगरगट्ट होत चाललाय का? फोन कायमचा काढून घेऊ का? सगळ्या वर्गासमोर त्याला माफी मागायला लावू का?

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी अडले. आजी घरी आल्यापासून हा हॉलमध्ये पसारा मांडून बसतो, असं तुम्ही तक्रारीच्या यादीत लिहिलंय. आजीची खोली हॉलला लागून आहे, हेही तुम्हीच लिहिलंय. ज्या मुलाला आजीचं काही सोयरसुतक नाही, तो तिच्या कण्हण्यापासून लांब आपल्या खोलीत दार लावून बसला असता. तुमचा मुलगा हेडफोन घालून का होईना, तिच्या दाराशी येऊन बसतो. मी केवळ पत्रावरून बोलते आहे, हॉलमध्ये बसण्याचं कारण दुसरंही असू शकेल. तरी हे वाक्य तुम्ही एकदा तक्रारींच्या यादीतून बाहेर काढून बघा.

मुलांच्या मनाबद्दल बोलताना आपण ‘हळवा’ आणि ‘निगरगट्ट’ असे दोनच शिक्के हातात घेऊन बसतो. आपल्या भाषेत मात्र याहून बारीक शब्द आहेत. कुणाचं दुःख बघून पोटात तुटतं, तो कळवळा. समोरच्याच्या मनात काय चाललं असेल हे ओळखता येतं, ती जाण. आणि उठून काहीतरी करणं, म्हणजे धावून जाणं. यातल्या पहिल्या दोहोंना मिळून मानसशास्त्रात समानुभूती म्हणतात. तिथेही कळवळा आणि जाण वेगवेगळे मोजतात, कारण ते एकदम आणि एका वेगाने वाढत नाहीत. धावून जाण्याचं तर आणखीच वेगळं. कळवळा भरपूर असूनही पाय न उचलणारी माणसं तुम्ही-आम्ही मोठ्यांतही पाहतो. तेराव्या वर्षी हे तीन धागे फार सुटे असतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की मुलाच्या आत काही उरलंच नाही.

तुम्ही दोन्ही घटना एकाच खात्यावर जमा केल्यात. मला त्या वेगळ्या वाटतात. एकीत तुमचा मुलगा मला घाबरलेला दिसतो. दुसरीत तो चुकला आहे.

आधी आजीबद्दल.

चिमणीच्या पिल्लासाठी रडला तेव्हा तो सात वर्षांचा होता. पिल्लू पडलं, त्याला लागलं, याला रडू आलं. रस्ता सरळ होता. मार्टिन हॉफमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मुलांमधली समानुभूती पायरीपायरीने कशी वाढते हे मांडलं आहे. त्यातली एक पायरी तुमच्या घरी लागू पडते. लहान मूल डोळ्यांसमोरच्या दुःखाने हलतं. बालपण सरत येतं तेव्हा त्याला कळायला लागतं की समोरच्या माणसाला या क्षणापलीकडेही आयुष्य आहे, काल होता आणि उद्या आहे, आणि दुःख त्या सगळ्यावर पसरलेलं असू शकतं. म्हणजे आज आजी कण्हते तेव्हा त्याला नुसतं ‘दुखतंय’ एवढंच ऐकू येत नाही. ती पुन्हा चालेल का, शाळेतून आल्यावर दार कोण उघडणार, ती मरणार तर नाही ना, हे सगळं त्या एका आवाजात ऐकू येत असणार. समज मोठ्या माणसाची व्हायला लागली आहे, पेलायची ताकद अजून तेवढी आलेली नाही.

दुसऱ्याच्या दुःखाने होणारी तगमगही दोन तऱ्हेची असते. नॅन्सी आयझेनबर्ग या अभ्यासक बाईंनी हा फरक फार स्पष्ट करून दाखवला आहे. एकीत आपलं लक्ष समोरच्यावर राहतं आणि त्याच्यासाठी काही करावंसं वाटतं. दुसरीत आपलीच इतकी घालमेल होते की ती थांबवणं हेच पहिलं काम होऊन बसतं, आणि ती थांबवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तिथून निघून जाणं. हॉस्पिटलात भेटायला आलेले, पाच मिनिटांत शहाळं टेबलावर ठेवून काढता पाय घेणारे नातेवाईक आठवून बघा. त्यांतले काही तुमच्यावर खूप माया करणारे असतील. तुमचा मुलगा हेडफोन लावून तेच करतो आहे.

त्यात अंथरुणावरच्या माणसाच्या खोलीत बेडपॅन असतं, डायपर असतो, औषधांचा वास असतो, आजीचं लुगडं सरकलेलं असतं. वयात येणाऱ्या मुलाला स्वतःच्याच शरीराचा संकोच वाटत असतो. आजीला तशा अवस्थेत बघायचं म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि नातवाने आपल्याला असं बघावं, हे आजीला तरी आवडत असेल का? तिला एकदा विचारा.

मग करायचं काय? “जा, आजीजवळ जाऊन बस” हे सांगणं बंद करा. नुसतं बसणं हे या वयाच्या मुलासाठी सर्वांत अवघड काम आहे. हातांना काही नसतं आणि डोळ्यांना पळायला जागा नसते. त्याला सुरुवात आणि शेवट असलेलं काम द्या. वॉकर धरून आजी पलंगापासून दारापर्यंत चालते तेव्हा पावलं मोजून वहीत लिहिणं. व्यायामाचे दहा-दहा वेळा हात-पाय हलवणं मोजणं. संध्याकाळी पेपरातलं राशिभविष्य किंवा मॅचची बातमी वाचून दाखवणं. तिच्या मोबाइलवर गावाकडच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावून देणं. दहा मिनिटांत संपणारी कामं. स्वच्छतेच्या कामांना त्याला हात लावायला लावू नका, निदान आत्ता तरी नाही. आणि हे काम तुम्ही सांगण्यापेक्षा आजीने मागितलेलं चांगलं. “बाळा, मला हा फोन काही जमेना” असं तिने हाक मारून म्हटलं, की तो दया दाखवायला नाही, कामासाठी जातो. दारातून आत जायला त्याला एक निमित्त हवं आहे.

त्याआधी त्याला खरं काय ते सांगा. मोठ्यांच्या कुजबुजीतून त्याने काय काय जुळवलं असेल ते तुम्हाला माहीत नाही. कूस बदलताना ती का कण्हते, त्या दुखण्यात धोका आहे की नाही, डॉक्टरांनी किती महिने सांगितलेत, पूर्ववत चालणं होईल की काठी कायमची लागेल, जे तुम्हाला माहीत आहे ते साध्या शब्दांत. जे माहीत नाही तेही. “मलाही कधीकधी त्या खोलीत जायचा धीर होत नाही. मग मी ओट्यापाशी उभी राहून घोटभर चहा घेते आणि जाते,” असं एखादं स्वतःचं खरं वाक्य सांगितलंत तर फार उपयोग होईल. घालमेल झाल्यावर पळून न जाता थोडं थांबून परत जाता येतं, हे त्याला कुणीतरी करून दाखवायला हवं.

आता “या वयात मुलगे असेच असतात” याबद्दल. नेदरलँड्समध्ये जवळपास ५०० मुलामुलींना तेराव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत दर वर्षी प्रश्न विचारून केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघण्याची क्षमता, म्हणजे आपली ‘जाण’, मुलींमध्ये तेराव्या वर्षापासूनच वाढताना दिसली, मुलग्यांमध्ये पंधरा वर्षांच्या आसपास. कळवळा मुलींमध्ये साधारण स्थिर राहिला, मुलग्यांमध्ये मधल्या वर्षांत खाली आला आणि पुढे पुन्हा पहिल्या जागी चढला. म्हणजे तुमचा मुलगा त्या उताराच्या तोंडाशी आहे, आणि उतारापुढे चढही आहे. एवढ्यापुरतं त्याच्या बाबांचं म्हणणं खरं धरू.

पण ही मुलांनी स्वतःबद्दल दिलेली उत्तरं होती. ‘दुसऱ्यांना त्रास झाला की मला वाईट वाटतं’ या वाक्यापुढे तेरा-चौदा वर्षांचा मुलगा काय खूण करेल? जे वाटतं ते, की मुलग्याला जे वाटायला हवं ते? आपण त्याला लहानपणापासून काय सांगत आलो, याचा त्यात वाटा असणारच. “मुलीसारखा रडतोस काय” हे चिमणीच्या पिल्लाच्या वेळी घरात कुणी म्हटलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला ते जाणून घ्यायला आवडलं असतं. “मुलगे असेच असतात” हे वाक्य बाप मुलाच्या कानावर घालतो तेव्हा ते त्याला एक परवाना वाटतो. त्याच्या बाबांना माझ्या वतीने एक विनंती करा. रविवारी घरी असताना आईची नखं त्यांनी कापावीत, तिच्या डोक्याला तेल लावावं, मुलगा हॉलमध्ये बसलेला असताना, दार उघडं ठेवून. आजारी माणसाची सेवा बायकांनी करायची असते, असं दोन महिने तो न बोलता बघतो आहे. पुण्याहून रोज फोनवर होणारी विचारपूस त्याला दिसत नाही.

आता त्या पाच इमोजींकडे येऊ. इथे मी तुमच्या मुलाच्या बाजूने फार बोलणार नाही, पण तो असं का वागला हे समजून घेतल्याशिवाय तुम्हाला पुढचं पाऊल टाकता येणार नाही.

तुम्ही विचारलंत, “त्याला काय वाटलं असेल?” मुलाने उत्तर टाळलं आणि तुम्ही धरून चाललात की त्याला कळतच नाही. त्याला शंभर टक्के कळतं. शांतपणे विचारलं तर बारा-तेरा वर्षांची मुलं दुसऱ्याच्या मनातलं बरंच नेमकं सांगतात. अडचण असते ती ऐन वेळी ती जाण वापरण्याची. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला यासाठी फार आवडतो. सात ते सत्तावीस वर्षांच्या मुली आणि बायकांना स्क्रीनवर चौकोनी खणांचं एक कपाट दाखवलं. कपाटाच्या पलीकडे एक माणूस उभा. काही खण मागून बंद, त्यामुळे त्यातल्या वस्तू त्या माणसाला दिसत नाहीत. तो सांगतो, ‘छोटा चेंडू डावीकडे सरकव.’ सर्वांत छोटा चेंडू जर त्याला न दिसणाऱ्या खणात असेल, तर त्याच्या मनात दुसराच चेंडू आहे हे ओळखून तो सरकवायचा. हाच खेळ माणूस काढून टाकून, नुसता नियम सांगून दिला, तेव्हा चौदा ते सतरा वयाच्या मुली मोठ्या बायकांइतक्याच बरोबर होत्या. पलीकडे माणूस आला, त्याच्या नजरेने बघायची वेळ आली, की त्या जास्त चुकायला लागल्या. आणि मोठ्या बायकाही बऱ्याच वेळा चुकत होत्या. दुसऱ्याच्या बाजूने बघता येणं आणि घाईत आठवणीने बघणं यांत अशी बरीच वर्षं जातात. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर घाईच घाई असते, आणि पलीकडचा माणूस दिसतच नाही. तोच तुकडा मित्रासमोर बसून बघितला असता तर तुमच्या मुलाला हसू आलं नसतं, असं मला वाटतं.

दुसरं कारण त्याने स्वतःच तुम्हाला सांगितलं: “सगळेच हसत होते.” तुम्हाला ती सबब वाटली. मला त्यात भीती ऐकू आली. स्क्रीनवर तिघांनी चेंडू फेकायचा आणि एकाला हळूच वगळायचं, असा एक साधा खेळ संशोधक वापरतात. अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलींना असं वगळलं तेव्हा त्यांचं मन मोठ्या बायकांपेक्षा जास्त खट्टू झालं, तेही खोट्या खेळात, अनोळखी लोकांकडून. मग वर्गाच्या खऱ्या ग्रुपवर, जिथे रोज उठून तीच तोंडं बघायची आहेत, तिथे गप्प बसण्याचीसुद्धा किंमत पडते. “हा काय, त्याचा भाऊ लागतो का?” असं एकाने म्हटलं की पुढचा नंबर आपला. मित्र गल्लीतला आहे, सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर याला इतरांपेक्षा मोठ्याने हसावं लागलं असेल. एक नाही, पाच इमोजी.

हे समजून घेतल्यावरही चूक ती चूकच राहते. फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ साली सहावीतल्या मुलांचा अभ्यास करून दाखवलं की वर्गात छळ होतो तेव्हा छळणारा आणि सोसणारा एवढे दोघेच नसतात. कुणी मदतनीस असतो, कुणी हसून चेव चढवतो, कुणी नजर वळवतो, कुणी सोसणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो. ज्या वर्गात हसणारे जास्त, तिथे छळ वाढतो, आणि बाजूने उभे राहणारे असले की तो कमी होतो, असं त्यांच्या पुढच्या कामात दिसलं. तिथल्या शाळांमध्ये देशभर राबवलेला छळविरोधी कार्यक्रम म्हणूनच बघ्यांवर जास्त भर देतो. व्हिडिओ तुमच्या मुलाने काढला नाही. पण हसणाऱ्याचं काम त्याने केलं, आणि ते त्याला तसंच सांगायला हवं.

कसं सांगायचं, यावर बरंच अवलंबून आहे. थप्पड आणि ‘दगड’ हा शब्द, दोन्ही त्याला परत घ्या. दुखवल्यावर माफी कशी मागतात याचा याहून चांगला नमुना त्याला मिळणार नाही. “मी तुला मारलं आणि दगड म्हणाले. दोन्ही चुकलं. तू दगड नाहीस हे मला माहीत आहे. तू जे केलंस त्याबद्दल आपण नंतर वेगळं बोलू,” इतकंच. पुढे ‘पण तूही’ लावू नका. ‘दगड’ ऐकलं की मुलाचं सगळं लक्ष ‘मी किती वाईट’ इकडे जातं, आणि मित्राचा विचार करायला मनात जागा उरत नाही. शरमेचा स्वभावच असा आहे, ती माणसाला स्वतःभोवती गुंडाळते. हॉफमन यांनी शिस्तीच्या पद्धतींची तुलना केली तेव्हा धाक दाखवणं आणि अबोला धरणं यांपेक्षा ‘तुझ्या या कृतीने अमक्याला असं असं झालं’ हे स्पष्ट सांगणं मुलांमधली समानुभूती वाढवतं, यावर त्यांनी भर दिला. म्हणून व्याख्यान नको, तपशील द्या. तो मुलगा तालमीला उभा राहायला किती दिवस मनाची तयारी करत असेल. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताना त्याने कुणाकडे बघितलं असेल. गल्लीतून शाळेत जाताना आता तो रस्ता बदलतो का?

हे समोरासमोर खुर्च्या टाकून बोलू नका. स्कूटरवर मागे बसलेला असताना, मटार सोलताना, दिवा मालवून झोपायच्या आधी. नजरेला नजर नसली की ही मुलं बोलतात. आणि त्याने गप्प राहिलं तर राहू द्या, उत्तर त्याच क्षणी हातात पडायला हवं असा हट्ट नको.

आणखी एक. समजून घ्यायला माहितीही लागते, हे आपण विसरतो. अडखळणं म्हणजे काय हे तुमच्या मुलाला कुणी कधी सांगितलंय का? की तो भित्रा आहे म्हणून अडखळतो, असंच त्याला वाटतं? अडखळण्याचा बुद्धीशी काही संबंध नाही, ते भित्रेपणातून येत नाही, मेंदूतल्या बोलण्याच्या जुळणीशी त्याचा संबंध असतो, ते काही घराण्यांत चालत येतं आणि मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त आढळतं. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’ म्हटल्याने मदत होत नाही, त्याचं वाक्य आपण पुरं करण्यानेही नाही. नजर न वळवता तो बोलून होईपर्यंत थांबणं, एवढं केलं की पुरतं. तुमच्या मुलाला यातलं थांबणं आजच जमण्यासारखं आहे, त्यासाठी सगळ्या ग्रुपशी भांडायची गरज नाही.

वर्गासमोर माफी मागायला लावू नका. त्यात शिक्षा तुमच्या मुलाला होते आणि तमाशा पुन्हा त्या दुसऱ्या मुलाचा होतो. तीस जणांसमोर त्याच्या अडखळण्याची आठवण आणखी एकदा निघेल. तुमच्या मुलाने त्याच्या घरी जावं, एकट्याने, तुम्ही कोपऱ्यापर्यंत सोबत चाला हवं तर. “मी हसलो ते चुकलं” एवढं एक वाक्य बोलावं. तो मित्र “ठीक आहे” म्हणेलच असं नाही, हे आधी सांगून ठेवा. दार लावून घ्यायचा त्याला अधिकार आहे. मग आपले इमोजी अजून काढता येत असतील तर काढून टाकावेत, व्हिडिओ ज्याने टाकला त्याला तो काढायला सांगावं, ग्रुपवर नाही तर एकट्याला. आणि उद्यापासून शाळेत जाताना पुन्हा सोबत चालावं, मित्राची तयारी असेल तर. सगळ्यांसमोर ‘बंद करा रे’ म्हणणारा शूर मुलगा एका रात्रीत तयार होत नाही. नंतर शेजारच्या बाकावर जाऊन बसणारा होऊ शकतो.

व्हिडिओबद्दल वर्गशिक्षकांना सांगणं हे मात्र तुमचं काम, मुलांवर टाकू नका. सांगताना एक अट घाला की त्या मुलाला आणि त्याच्या आई-वडिलांना विचारल्याशिवाय प्रार्थनेच्या वेळी वगैरे काही जाहीर होणार नाही. ते किती मोठं करायचं हे त्या मुलाने ठरवायचं.

फोन कायमचा काढून घेतल्याने तो ग्रुप बंद होणार नाही, तुमच्या मुलालाच त्यातून बाहेर काढल्यासारखं होईल, आणि या वयात ते फार लागतं. मित्राकडे जाऊन आला की फोन परत करा. रात्री तो तुमच्या कपाटात राहील, आणि कुणाच्या शरीराची, बोलण्याची, जातीची टिंगल असलेलं काहीही तो पुढे पाठवणार नाही आणि त्यावर खूणही करणार नाही, एवढं ठरवून द्या. हेही सांगा की असं काही आलं आणि त्याने तुम्हाला दाखवलं तर फोन जप्त होणार नाही. नाहीतर पुढच्या वेळी तुम्हाला कळणारच नाही.

तुमचं ऐकत नाही, अशी ओळ तुमच्या पत्रात चार वेळा आली आहे. २०२२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात असं दिसलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मेंदूतले लक्ष वेधणारे आणि सुखावणारे भाग आईच्या आवाजाला जास्त प्रतिसाद देतात, आणि तेराच्या पुढे अनोळखी आवाजांना. आवाजात बोललेले शब्दही निरर्थक होते, म्हणजे उपदेशाचा कंटाळा हे कारण नव्हे. मला हे वाचून वाईट वाटलं होतं, मीही आई आहे. पण घराबाहेरच्या जगात शिरायची तयारी निसर्ग त्याच्याकडून करून घेतो आहे. म्हणून एखादा बाहेरचा आवाज जोडून घ्या. मामा, कबड्डीचे सर, कॉलेजात गेलेला चुलतभाऊ. ज्याने स्वतः कधी असं हसून नंतर पस्तावल्याचं सांगितलं तर तो ऐकेल असा कुणीतरी.

मुलींच्या आयांची पत्रं मला बरेचदा उलट्या तक्रारीची येतात. बारा वर्षांची मुलगी मैत्रिणीचे रडके मेसेज वाचत रात्री एकपर्यंत जागी, तिच्या आई-बाबांचं भांडण हिच्या पोटात दुखतं. सगळे कौतुक करतात, किती समजूतदार! तिथेही मला काळजीच वाटते. दुसऱ्याचं दुःख स्वतःचं करून घेणं आणि त्यापासून पळणं ही एकाच घालमेलीची दोन टोकं आहेत. तिलाही हेच शिकवावं लागतं की थोडं थांबायचं, मोठ्या माणसाला सांगायचं आणि झोपायचं.

मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला हवं असं मला तुमच्या पत्रावरून आत्ता तरी वाटत नाही. मुलगा घरी, शाळेत, खेळात, सगळीकडे दुसऱ्याला दुखवण्यात मजा घेऊ लागला, मुक्या जनावरांना त्रास देऊ लागला, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ खाणं, झोप, मित्र, खेळ सगळ्यांतूनच अंग काढून घेतलं, जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही बोलला, तर थांबू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे. आणि एक शक्यता नक्की तपासा: ग्रुपवर याआधी तुमच्या मुलाचीच कुणी टिंगल केली होती का? मोठ्याने हसणाऱ्यांत कधीकधी कालचे सोसणारेही असतात.

तुम्ही विचारलंत, आमचं काय चुकलं. नोकरी, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि तेरा वर्षांचा मुलगा हे सगळं आठवड्याचे पाच दिवस तुम्ही एकट्या ओढताय, आणि स्वतःबद्दल पत्रात एक ओळही नाही. तुम्हाला रात्रीची झोप मिळते का? पुढच्या पत्रात तेही लिहा. नणंद, जाऊ, शेजारची काकू, पगारी बाई, कुणालातरी आठवड्यातून दोन संध्याकाळी बोलवा आणि त्या वेळी मुलाला घेऊन स्कूटरवर बाहेर पडा, भाजीला का होईना.

फिजिओथेरपिस्ट सध्या सकाळी अकराला येतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना संध्याकाळची वेळ मागून बघा, शाळा सुटल्यानंतरची. आणि पावलं मोजायची वही आजच आणून आजीच्या उशाशी ठेवा, पहिल्या पानावर तिला स्वतःच्या हाताने नातवाचं नाव लिहू द्या.